फोड नसतानाचे दिवस

ओळख होऊन काही महिने झालेले असतात. भेटीगाठी वाढलेल्या असतात, घरी कधी सांगायचं यावर बोलणं सुरू झालेलं असतं, आणि एका संध्याकाळी समोरचा माणूस धीर करून सांगतो, ‘मला हर्पीस आहे.’ ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उठतो तो ‘मला होईल का?’ हाच. विचारावा तर आपण फक्त स्वतःचंच बघतोय असं दिसेल, न विचारावा तर झोप लागत नाही. मग रात्री मोबाइलवर शोधाशोध होते. तिथली छायाचित्रं बहुतेक वेळा पहिल्याच खेपेला फार जोरात उठलेल्या आजाराची असतात. ती पाहून कुणी नातं तोडायला निघतो, तर कुणी ‘फोड दिसत नाहीत ना, मग काही नाही’ अशी मनाची समजूत घालतो.

दोन्ही निर्णय घाईचे आहेत. हा धोका किती, कुणाला जास्त, कशाने घटतो हे शास्त्रज्ञांनी खऱ्याखुऱ्या जोडप्यांमध्ये वर्षानुवर्षं मोजलं आहे. ते आकडे माहीत असले की दोघांना समोरासमोर बसून ठरवता येतं.

हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूचे दोन प्रकार आहेत. एचएसव्ही-१ बहुतेक करून तोंडाशी राहतो. ताप येऊन गेल्यावर, उन्हातून आल्यावर किंवा दगदग झाल्यावर ओठाच्या कडेला बारीक पाण्याच्या फोडांचा पुंजका उठतो, तो याचाच. एचएसव्ही-२ बहुतेक करून जननेंद्रियांशी राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे ६४ टक्क्यांच्या शरीरात एचएसव्ही-१ आहे, आणि १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५२ कोटी लोकांच्या शरीरात एचएसव्ही-२. आपल्याकडे छातीला किंवा कमरेला पट्ट्यासारखी उठते ती नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते आणि लैंगिक संबंधातून येत नाही. दोन्ही आजारांना औषध एकाच जातीचं दिलं जातं, त्यामुळे चिठ्ठी वाचणाऱ्या घरच्यांचा गोंधळ उडतो.

जननेंद्रियांच्या कातडीतून आत शिरलेला विषाणू तिथल्या चेतातंतूच्या टोकात घुसतो, तंतूतून वर सरकतो आणि पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यात मुक्काम ठोकतो. तिथे तो आयुष्यभर राहतो. आजच्या कुठल्याही औषधाला तिथून त्याला हुसकता येत नाही. अधूनमधून तो त्याच तंतूतून खाली उतरतो आणि कातडीवर येतो. कधी फोड उठतात, कधी उठत नाहीत. धोक्याची सगळी गोष्ट या ‘कधी उठत नाहीत’मध्ये आहे.

फोड येतात तेव्हा ते सहसा सूचना देऊन येतात. आधी काही तास ते दिवसभर त्या जागी चुणचुण, खाज किंवा आगआग होते; कुणाची मांडी नाहीतर नितंब ठणकतो. मग लालसर जागेवर टाचणीच्या डोक्याएवढे पाण्याचे फोड एकमेकांना चिकटून येतात, फुटतात, उथळ ओली जखम राहते, तिच्यावर खपली धरते आणि ती पडली की कातडी पहिल्यासारखी होते. पहिल्या खेपेला हे सगळं दोन ते चार आठवडे चालू शकतं, सोबत ताप, जांघेत गाठी आणि लघवीला जळजळ असते. पुढच्या खेपा बऱ्याच सौम्य आणि छोट्या असतात. कित्येकांना तर आपल्याला खेप आली हेच कळत नाही. रेझर लागलं असेल, घामाने घासलं असेल, डास चावला असेल असं समजून ते विसरून जातात. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात एचएसव्ही-२ असलेल्या १४ ते ४९ वयाच्या लोकांपैकी ८७ टक्क्यांना आजाराचं निदान कधी झालेलंच नव्हतं. म्हणजे ज्याने किंवा जिने तुम्हाला सांगितलं, ते माहीत असलेल्या थोड्या लोकांपैकी आहेत. हे लक्षात ठेवावं, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पूर्वी डॉक्टर एकच सल्ला देत: फोड असताना संबंध टाळा. तो सल्ला आजही बरोबर आहे, पण अपुरा आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४४ जोडप्यांवर साधारण वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. प्रत्येक जोडप्यात एकाला जननेंद्रियांचा हर्पीस होता आणि दुसऱ्याला नव्हता. १४ जणांना लागण झाली. त्यातल्या बहुतेकांना ती झाली ती जोडीदाराच्या अंगावर फोड नसलेल्या दिवसांत झालेल्या संबंधातून. जोडप्यांनी फोड पाहून काळजी घेतली होती. विषाणू फोडांशिवायही येत होता.

तो किती वेळा येतो हे पाहण्याचं काम अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लॉरेन्स कोरी, ॲना वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलं. पद्धत साधी आणि चिकाटीची होती. हर्पीस असलेल्या माणसाने घरीच, रोज, जननेंद्रियांच्या भागावरून कापसाची काडी फिरवायची, ती नळीत घालायची आणि त्या दिवशी काही त्रास होता का ते वहीत लिहायचं. प्रयोगशाळेत पीसीआर करून त्या काडीवर विषाणूचा डीएनए आहे का ते पाहिलं जाई. असे महिना-महिनाभराचे नमुने ४९८ लोकांकडून गोळा करून २०११ साली निष्कर्ष मांडला गेला. ज्यांना फोडांचा त्रास होत असे त्यांच्यात २० टक्के दिवशी विषाणू सापडला. ज्यांना आयुष्यात कधी फोड आल्याचं आठवत नव्हतं, रक्ततपासणीतून कळलं तेवढंच, त्यांच्यातही १० टक्के दिवशी सापडला. त्रास नसलेल्या दिवशी विषाणूचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. ‘मला कधीच काही झालं नाही, तेव्हा माझ्यापासून कुणाला काय होणार’ हे म्हणणं इथे कोसळतं.

याच गटाने काही लोकांना दिवसातून चार वेळा नमुने घ्यायला सांगितलं, तेव्हा आणखी बारीक चित्र दिसलं. विषाणू कातडीवर येऊन जाण्याचे जवळपास निम्मे प्रसंग बारा तासांच्या आत आटोपत होते. रात्री आला, सकाळी रोगप्रतिकारक पेशींनी निपटला, आणि माणसाला पत्ताही नाही. म्हणून ‘आज बरं वाटतंय’ या भरवशावर कोणता दिवस निर्धोक ते ओळखता येत नाही. लागण झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात असे प्रसंग जास्त असतात, पुढे ते कमी होतात, पण दहा वर्षांनीही पूर्ण थांबत नाहीत.

इथवर वाचून घाबरायला होतं. विषाणू कातडीवर असणं आणि तो दुसऱ्याला लागणं यात मात्र बरंच अंतर आहे. पुष्कळ वेळा त्याचं प्रमाण अगदी थोडं असतं, जागा जुळत नाही, समोरच्याची कातडी शाबूत असते. त्या १४४ जोडप्यांकडे पुन्हा पाहू. फोड असताना टाळायचं एवढीच मुख्य खबरदारी घेऊन वर्षभरात १३० जणांना लागण झाली नाही. पण सगळ्यांचा धोका सारखा नव्हता. पुरुषाला हर्पीस आणि स्त्रीला नाही अशा ६५ जोडप्यांत ११ स्त्रियांना लागण झाली, म्हणजे सुमारे १७ टक्के. उलट बाजूच्या ७९ जोडप्यांत फक्त ३ पुरुषांना, म्हणजे ४ टक्क्यांच्या आत. स्त्रीच्या जननेंद्रियांचा ओलसर अस्तराचा भाग मोठा असतो आणि तिथून विषाणूला आत शिरणं सोपं जातं. त्यामुळे ‘किती धोका?’ या प्रश्नाचं उत्तर स्त्रीसाठी आणि पुरुषासाठी वेगळं आहे, आणि डॉक्टरने ते वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे बऱ्याचदा लग्नानंतर स्त्रीला लागण होते आणि बोटही तिच्याकडेच दाखवलं जातं. कारण त्रास तिला होतो, तपासणी तिची होते, आणि नवऱ्याला फोड कधी आलेले दिसलेले नसतात. हे आकडे अशा घरांत मोठ्याने वाचून दाखवावेत असे आहेत.

धोका कमी कसा करायचा, यावरचा सगळ्यात भक्कम पुरावा २००४ सालचा आहे. कोरी यांच्या नेतृत्वाखाली १,४८४ जोडप्यांवर हा प्रयोग झाला. प्रत्येक जोडप्यात एकाला एचएसव्ही-२ होता, दुसऱ्याला नव्हता. हर्पीस असलेल्या निम्म्या लोकांना रोज व्हॅलासायक्लोव्हिरची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, असं आठ महिने चाललं. कोणाला काय मिळतंय हे कुणालाच माहीत नव्हतं. दोन्ही गटांना कंडोम दिले होते आणि फोड असताना संबंध टाळायला सांगितलं होतं. औषध नसलेल्या गटात ३.६ टक्के जोडीदारांना लागण झाली, औषधाच्या गटात १.९ टक्के. धोका जवळपास निम्मा झाला. ज्यांना लागण होऊन प्रत्यक्ष फोडही आले अशांची संख्या तर १६ वरून ४ वर आली.

या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहायला हवं. गोळी न घेताही, माहिती असलेल्या आणि सल्ला मिळालेल्या जोडप्यांत आठ महिन्यांत शंभरातल्या ९६ जणांना लागण झाली नाही. गोळी घेऊनही धोका शून्यावर आला नाही. मी हिशेब करून पाहिला, तेव्हा साधारण ५७ जोडप्यांमध्ये आठ महिने रोज गोळी घेतली की एक लागण टळते असं उत्तर आलं. ही किंमत कुणाला फार वाटेल, कुणाला अगदीच थोडी. मला वाटतं, नातं नवं असताना, लागण होऊन वर्षही उलटलेलं नसताना आणि जोडीदार स्त्री असताना रोजची गोळी नक्कीच विचारात घ्यावी. ही गोळी बहुतेकांना सोसते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. प्रयोगाची एक मर्यादाही सांगायला हवी. यातली सगळी जोडपी स्त्री-पुरुषांची होती आणि वर्षाला दहापेक्षा कमी वेळा फोड येणाऱ्यांचीच होती. समलिंगी जोडप्यांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

कंडोमबद्दल मात्र वाचकाला एकमेकांशी न जुळणारे आकडे सापडतील. सहा अभ्यासांची माहिती एकत्र करून २००९ साली काढलेला निष्कर्ष असा, की प्रत्येक वेळी कंडोम वापरणाऱ्यांना तो कधीच न वापरणाऱ्यांपेक्षा लागणीचा धोका ३० टक्के कमी असतो. आफ्रिकेतल्या जोडप्यांच्या २०१६ सालच्या एका विश्लेषणात एकेका संबंधाचा हिशेब केला, तेव्हा पुरुषाकडून स्त्रीला होणारी लागण कंडोममुळे ९६ टक्के आणि स्त्रीकडून पुरुषाला होणारी ६५ टक्के घटलेली दिसली. यातल्या प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्हीही होता. फरकाचं एक कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. दुसरं शरीररचनेत. पुरुषाच्या बाबतीत विषाणू बहुधा कंडोमखाली झाकल्या जाणाऱ्या कातडीवर येतो, म्हणून स्त्रीचं रक्षण चांगलं होतं. पण मांडीचा वरचा भाग, अंडकोशाची कातडी, नितंब, योनीच्या बाहेरचे ओठ हे कंडोमच्या आवाक्याबाहेर असतात. तेव्हा कंडोम वापरावाच, पण सगळा भार एकट्या कंडोमवर टाकू नये. चुणचुण सुरू झाल्यापासून खपली पडून कातडी नीट होईपर्यंत कंडोम असला तरी थांबायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि औषधाच्या दुकानात न मिळणारं. ॲना वाल्ड यांच्या गटाने २००६ साली एक वेगळाच प्रश्न विचारला. नुकतीच लागण झालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की तुमच्या जोडीदाराने हर्पीस असल्याचं तुम्हाला आधी सांगितलं होतं का? ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांना संबंध सुरू झाल्यापासून लागण होईपर्यंत साधारण ६० दिवस लागले होते. ज्यांना सांगितलं होतं त्यांना २७० दिवस. नुसतं सांगितल्याने लागणीचा वेग जवळपास निम्म्यावर आला. यात गूढ काही नाही. माहीत असलं की दोघं डोळसपणे वागतात. ‘आज जरा चुणचुणतंय, नको’ असं म्हणता येतं, कंडोमचा आग्रह धरायला कारण मिळतं, गोळी लपवून घ्यावी लागत नाही. तोंडातून निघालेलं एक वाक्य रोजच्या गोळीच्या तोडीचं काम करतं, हा मला या साऱ्या संशोधनातला सगळ्यात मोलाचा धडा वाटतो.

आणि नेमकं तेच वाक्य सगळ्यात जड जातं, ते या आजाराला चिकटलेल्या कलंकामुळे. १९८२ साली असायक्लोव्हिर हे जननेंद्रियांच्या हर्पीसवरचं पहिलं परिणामकारक औषध अमेरिकेत मंजूर झालं. ज्या प्रयोगशाळेत ते घडलं तिथल्या गर्ट्रूड एलियन यांना पुढे १९८८ साली नोबेल मिळालं. त्याच १९८२ च्या ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर हर्पीसची तुलना एका जुन्या कादंबरीतल्या, व्यभिचारी ठरवलेल्या स्त्रीच्या छातीवर शिवलेल्या लाल अक्षराशी केली. औषध आलं त्याच वर्षी कलंकही छापून आला, आणि कलंक जास्त लवकर पसरला. आपल्याकडे त्या मुखपृष्ठाची गरजही नव्हती. रेल्वेरुळांकडेच्या भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ लिहिलेल्या जाहिरातींनी ते काम आधीच केलं होतं. ओठावर फोड आलेला माणूस ऑफिसला जातो, चहा पितो, कुणी काही म्हणत नाही. तोच विषाणू किंवा त्याचा सख्खा भाऊ कमरेखाली आला की माणसाचं चारित्र्य तपासायला लोक पुढे येतात.

सांगायचं कधी? शरीरसंबंधाआधी, आणि अशा वेळी की समोरच्याला विचार करायला सवड मिळेल. पहिल्या भेटीत सांगायची गरज नाही. कपडे उतरवताना सांगणं अन्यायाचं. ठरवून होणाऱ्या लग्नात माझं मत स्पष्ट आहे. साखरपुड्याआधी सांगावं, आणि ते मध्यस्थाला किंवा मामांना नव्हे, थेट त्या मुलाला किंवा मुलीला. शब्द साधेच असावेत. ‘मला तुला एक सांगायचंय. मला हर्पीस आहे, तीन वर्षांपूर्वी कळलं. वर्षातून एकदोनदा फोड येतात. तुला होऊ नये म्हणून काय करायचं ते मी डॉक्टरांकडून समजून घेतलंय. तू आत्ता काही बोलायची गरज नाही, विचार कर, हवं तर आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ.’ एवढं पुरेसं आहे. रडून माफी मागायची गरज नाही. हा गुन्हा नाही. ऐकणाऱ्याने लगेच ‘कुणाकडून झाला?’ विचारू नये. बहुतेकांना ते सांगता येत नाही, कारण विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. त्यामुळेच लग्नानंतर दहा वर्षांनी पहिले फोड आले म्हणून जोडीदाराने फसवलं असा निष्कर्ष काढणंही चूक आहे.

ऐकणाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न वेगळा आहे: ‘कोणता प्रकार?’ कारण जननेंद्रियांवरचा सगळाच हर्पीस एचएसव्ही-२ नसतो. मुखमैथुनातून ओठांवरचा एचएसव्ही-१ खाली पोहोचतो, आणि तिथे तो बराच मवाळ वागतो. असे ८२ रुग्ण सिअ‍ॅटलमध्ये तपासले तेव्हा लागणीनंतर दोन महिन्यांनी १२ टक्के दिवशी आणि अकरा महिन्यांनी ७ टक्के दिवशी विषाणू सापडला. फोड परत येण्याचं प्रमाणही कमी होतं. शिवाय तुमच्या अंगात एचएसव्ही-१ लहानपणापासूनच असेल, आईच्या किंवा मावशीच्या पापीतून आलेला, तर जोडीदाराकडून तोच प्रकार पुन्हा लागण्याची शक्यता फार कमी. याचीच दुसरी बाजू अशी, की स्वतःच्या ओठावर फोड असताना मुखमैथुन केला तर ‘निरोगी’ जोडीदारच दुसऱ्याला हर्पीस देऊ शकतो. ताटल्या, टॉवेल, कमोड, पोहण्याचा तलाव यांची मात्र भीती बाळगू नये. बाहेरच्या कोरड्या पृष्ठभागावर हा विषाणू फार काळ टिकत नाही, त्याला कातडीशी कातडीचा संपर्क लागतो.

प्रकार कळण्यासाठी तपासणी नीट व्हावी लागते, आणि इथे आपल्याकडे फार घोटाळा होतो. फोड ताजा असताना त्याच्या तळावरून स्वॅब घेऊन केलेली पीसीआर सगळ्यात भरवशाची. दोन दिवस मलम लावून, खपली धरल्यावर गेलं तर ती संधी गेली. फोड नसतील तर रक्तातली आयजीजी प्रतिपिंडं, तीही प्रकारानुसार वेगळी मोजणारी तपासणी. लागणीनंतर ती दिसायला बारा ते सोळा आठवडे लागू शकतात, त्यामुळे काल संबंध आला आणि आज रक्त दिलं तर त्यातून काहीच कळत नाही. एचएसव्ही-२चा आकडा १.१ ते ३ यांच्या मधला आला तर तो खोटा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता बरीच असते आणि दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी लागते. आयजीएम तपासणी या कामाची नाही. जुना आजार परत उठला तरी ती पॉझिटिव्ह येते, कधी आजार नसतानाही येते. तरी गर्भपात झाला की ‘टॉर्च’ नावाने तीच तपासणी लिहून दिली जाते, ‘हर्पीस आयजीएम पॉझिटिव्ह’ असा कागद हातात पडतो आणि चांगल्या चाललेल्या संसारात संशय शिरतो. तसा कागद आला तर भांडण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा.

पैशांची अडचण असेल किंवा ओळखीच्या डॉक्टरकडे जायचा संकोच असेल, तर सरकारी रुग्णालयांतली ‘सुरक्षा क्लिनिक’ याच कामासाठी आहेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली तिथे लैंगिक आजारांची औषधं रंगीत पाकिटांतून फुकट मिळतात. हर्पीसच्या व्रणांचं पाकीट लाल असतं. त्यात असायक्लोव्हिरच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसातून तीन, सात दिवसांच्या असतात. हा उठलेल्या आजाराचा उपचार झाला. जोडीदाराला वाचवण्यासाठी रोज घ्यायची गोळी त्यात येत नाही, ती वेगळी मागून ठरवून घ्यावी लागते. जोडीदार एकनिष्ठ असला तरी दोघांनी एचआयव्हीची तपासणी एकदा करून घ्यावी. एचएसव्ही-२ असलेल्याला एचआयव्हीची लागण होण्याचा धोका साधारण तिप्पट असतो. फोड भरून आल्यावरही त्या जागी एचआयव्हीला हव्या असलेल्या पेशी बराच काळ जमून राहतात, आणि असायक्लोव्हिर घेऊनही हा धोका कमी होत नाही असं मोठ्या प्रयोगांत दिसलं आहे.

लस अजून नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या आठ हजारांहून अधिक स्त्रियांवर तपासलेली एक लस २०१२ साली एचएसव्ही-२विरुद्ध निष्प्रभ ठरली. प्रयत्न चालू आहेत.

उरला गरोदरपणाचा प्रश्न, आणि इथे नेहमीची समजूत उलटी करावी लागते. ज्या स्त्रीला गरोदरपणाच्या आधीपासून हर्पीस आहे तिला वाटतं, आपल्या बाळाचं काही खरं नाही. प्रत्यक्षात तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात, आणि बाळाला लागण होण्याचा धोका एक टक्क्याच्या आत राहतो. खरा धोका त्या स्त्रीला असतो जिला हर्पीस नाही पण नवऱ्याला आहे, आणि जिला बाळंतपणाच्या तोंडावर पहिल्यांदा लागण होते. तिच्या शरीराला प्रतिपिंडं बनवायला वेळच मिळालेला नसतो. अशा वेळी बाळाला लागण होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के असते, आणि नवजात बाळातला हर्पीस मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, जीवही घेऊ शकतो. म्हणून अशा जोडप्याने शेवटचे तीन महिने संबंध पूर्ण टाळावेत, नवऱ्याच्या ओठावर फोड येत असतील तर मुखमैथुनही. बाळ झाल्यावर ओठावर फोड असलेल्या कुणीही, मग ती आजी असो की आत्या, खपली पडेपर्यंत त्याचा पापा घेऊ नये.

हर्पीस असलेल्या गरोदर स्त्रीला छत्तिसाव्या आठवड्यापासून रोजची गोळी देतात, म्हणजे बाळंतपणाच्या वेळी फोड येण्याची शक्यता कमी होते. कळा सुरू झाल्यावर डॉक्टर नीट तपासतात. फोड किंवा चुणचुण असेल तर सिझेरियन करतात, नसेल तर नेहमीसारखं बाळंतपण होऊ देतात. पण हे सगळं डॉक्टरांना माहीत असलं तरच होतं. आपल्याकडे तपासणीच्या खोलीत सोबत सासू किंवा आई असते आणि ती स्त्री ‘आधी कुठला आजार?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ म्हणून मोकळी होते. तेव्हा पहिल्या दोन-तीन तपासण्यांतच डॉक्टरांना ‘मला तुमच्याशी एकटीशी बोलायचंय’ असं सांगावं, आणि नवऱ्याला हर्पीस असेल तर तेही त्याच वेळी सांगावं. सोबतच्यांना पाच मिनिटं बाहेर थांबवणं डॉक्टरांच्या रोजच्या कामातलं आहे.